फोल्डर उघडत नाही, फाईल सापडत नाही: फाईल मॅनेजरच्या अडचणींकडे संशोधकाच्या नजरेनं कसं बघायचं?



पेट झाली, इंटरव्ह्यू झाला, गाईड मिळाले, की सगळे जण लिटरेचर रिव्ह्यू, मेथडॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स याच्या मागे लागतात. लागायलाच हवं. पण एका गोष्टीबद्दल कोर्सवर्कमध्ये कुणीच बोलत नाही. पुढची चार-पाच वर्षं तुम्ही दिवसातून शंभरदा जे सॉफ्टवेअर उघडणार आहात ते म्हणजे एसपीएसएस नाही, ओरिजिन नाही आणि पायथनही नाही. ते आहे फाईल मॅनेजर. विंडोजवरचा फाईल एक्सप्लोरर, मॅकवरचा फाइंडर, लिनक्सवरचे डॉल्फिन, नेमो किंवा नॉटिलस.

"त्यात काय शिकायचंय?" असं वाटणं साहजिक आहे. पण २०२१ साली 'द व्हर्ज' या संकेतस्थळावर आलेल्या एका लेखाची बरीच चर्चा झाली होती. अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं होतं की विज्ञान-इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना "फाईल कुठे सेव्ह केलीस?" हा प्रश्नच कळत नाही. मोबाईलवर वाढलेल्या पिढीला फाईल 'कुठेतरी' असते ही कल्पनाच परकी वाटते. आपल्याकडे वेगळं चित्र आहे असं मला वाटत नाही. डाउनलोड्समध्ये साडेतीनशे पीडीएफ आणि डेस्कटॉपवर 'न्यू फोल्डर ७' हे दृश्य कुठल्याही डिपार्टमेंटमध्ये बघायला मिळतं.

यात धोका फक्त वेळ जाण्याचा नाही. चुकीच्या फोल्डरमधली जुनी फाईल उघडली, तिच्यावर ॲनॅलिसिस केलं आणि तो आलेख प्रबंधात गेला, तर सॉफ्टवेअर कुठलीही एरर देत नाही. सगळं व्यवस्थित चाललेलं दिसतं आणि निष्कर्ष मात्र चुकलेला असतो. म्हणून या लेखात तीन गोष्टी बघू: अडचण नेमकी कुठे आहे हे कसं ओळखायचं, नेहमीच्या अडचणी कोणत्या, आणि सॉफ्टवेअरमध्येच काही कमी असेल तर बनवणाऱ्यांना ते कसं कळवायचं.

आधी हे समजून घ्या: फाईल मॅनेजर म्हणजे खिडकी

फाईल मॅनेजरमध्ये दिसतो तो तुमचा डेटा नाही, डेटाचं चित्र आहे. खरी फाईल डिस्कवर असते. फाईल सिस्टिम नावाची व्यवस्था तिचा पत्ता, म्हणजे पाथ, सांभाळते. फाईल मॅनेजर हा त्या व्यवस्थेला विचारून यादी दाखवणारा एक साधा प्रोग्रॅम. म्हणून कुठलीही अडचण चारपैकी एका थरात असते:

१. नाव किंवा पाथ: नावात नको ते चिन्ह आहे, पाथ फार लांब झालाय.
२. जागा: पेनड्राइव्ह, नेटवर्क ड्राइव्ह किंवा क्लाउड जागेवरच नाही.
३. परवानगी: फाईल आहे, पण तुमच्या लॉगिनला उघडायचा हक्क नाही.
४. खिडकी: वरचं सगळं ठीक आहे, फाईल मॅनेजरच गडबड करतोय.

थर ओळखण्याची सोपी चाचणी म्हणजे तोच फोल्डर कमांड प्रॉम्प्ट किंवा टर्मिनलमधून उघडून बघणं. तिथे यादी झटकन आली आणि फाईल मॅनेजरमध्ये मात्र हिरवी पट्टी सरकत बसली, तर दोष खिडकीचा. तिथेही अडकलं तर दोष खालच्या तीन थरांत. अर्ध्या मिनिटाची चाचणी आहे, पण ती न करता लोक थेट विंडोज फॉरमॅट करायला निघतात!

पुढची चाचणी: एका वेळी एकच गोष्ट बदला. तोच फोल्डर दुसऱ्या मशीनवर उघडतो का? त्याच मशीनवर दुसरा फोल्डर उघडतो का? त्याच लोकेशनला साध्या नावाचा रिकामा फोल्डर केला तर? प्रयोगशाळेत कंट्रोल ठेवतो ना, अगदी तेच आहे हे.

आणि एक इशारा. पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क लावल्यावर "वापरण्याआधी फॉरमॅट करा" असा संदेश आला, तर घाईत 'हो' म्हणू नका. त्या डिस्कवर नवीन काहीही लिहू नका. आधी ती दुसऱ्या मशीनवर लावून बघा. दुरुस्तीचे प्रयोग नेहमी कॉपीवर करायचे, मूळ डेटावर नाही.

'मागे' आणि 'वर' या दोन वेगळ्या दिशा आहेत

गोंधळाचं हे पहिलं कारण. 'मागे' म्हणजे तुम्ही याआधी जिथे होतात तिथे. 'वर' म्हणजे हा फोल्डर ज्याच्या पोटात आहे त्या फोल्डरकडे. फाईल मॅनेजरच्या खिडकीत डेस्कटॉप उघडून तिथल्या शॉर्टकटवरून तुम्ही थेट पाच पायऱ्या खालच्या 'रॉ डेटा' फोल्डरमध्ये गेलात, तर 'मागे' दाबल्यावर डेस्कटॉपवर याल. 'वर' दाबल्यावर मात्र त्या प्रयोगाच्या मुख्य फोल्डरमध्ये जाल.

विंडोज एक्सपीमध्ये बॅकस्पेस दाबलं की 'वर' जायचं. व्हिस्टापासून तेच बटण 'मागे' नेऊ लागलं. आज 'वर' जायला ऑल्ट आणि वरचा बाण, 'मागे' जायला ऑल्ट आणि डावा बाण. मॅकवर 'वर' जायला कमांड आणि वरचा बाण. एवढे दोन शॉर्टकट बोटांत बसवले तरी फरक जाणवतो.

चुकीच्या फोल्डरमध्ये काम करण्याचा धोका इथेच असतो. 'फेरी १' आणि 'फेरी २' या दोन्हींच्या पोटात 'रॉ डेटा' नावाचा फोल्डर असेल, तर खिडकीच्या वर दोन्हीकडे 'रॉ डेटा' एवढंच दिसतं. म्हणून पोटातल्या फोल्डरच्या नावातही फेरीचा क्रमांक ठेवा. नाव थोडं लांबतं, पण चूक टळते.

नेहमीच्या अडचणी आणि त्यामागची कारणं

*१. पाथ फार लांब झाला.* विंडोजमध्ये पूर्ण पाथला पूर्वापार २६० चिन्हांची मर्यादा आहे. ड्राइव्हचं अक्षर, प्रत्येक फोल्डरचं नाव, मधल्या तिरक्या रेघा, सगळं त्यात धरलं जातं. नवीन फोल्डर करायचा असेल तर मर्यादा आणखी कमी, २४८. विंडोज १० च्या १६०७ या आवृत्तीपासून ही मर्यादा सेटिंग बदलून उठवता येते, पण प्रत्येक प्रोग्रॅमनंही तशी तयारी ठेवलेली असावी लागते. त्यामुळे आजही ही अडचण येतेच.

गंमत म्हणजे डेटा तयार होताना ही अडचण दिसत नाही, हलवताना दिसते. पेनड्राइव्हवर पाथ 'ई:\डेटा' असा छोटा असतो. तोच फोल्डर तुम्ही युजर्स, तुमचं नाव, वनड्राइव्ह, डॉक्युमेंट्स, पीएचडी, चॅप्टर ४ अशा उतरंडीत टाकलात की प्रत्येक फाईलच्या पाथमध्ये पन्नास-साठ चिन्हांची भर पडते. मग काही फायली कॉपी होतात आणि काही राहतात. बॅकअपच्या वेळी हे घडलं आणि लक्षात आलं नाही तर? उपाय: कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फायलींची संख्या आणि एकूण आकार ताडून बघा. वरच्या फोल्डरची नावं छोटी करा. विंडोजबरोबरच येणारी रोबोकॉपी ही कमांड लांब पाथ हाताळू शकते, तीही शिकून ठेवा.

*२. नावात नको ते चिन्ह.* लिनक्सवर 'प्रयोग: तापमान ३०?' असं नाव चालतं. विंडोजवर कोलन, प्रश्नचिन्ह, तारा, दुहेरी अवतरण, उभी रेघ, कोनी कंस आणि दोन्ही तिरक्या रेघा चालत नाहीत. नावाच्या शेवटी स्पेस किंवा पूर्णविराम असला तर विंडोजचा एक्सप्लोरर तो फोल्डर नीट हाताळत नाही, कधीकधी डिलीटही करू देत नाही. लिनक्स किंवा मॅकवर तयार झालेल्या झिपमधून असे फोल्डर येतात. शिवाय 'कॉन', 'ऑक्स', 'नल', 'पीआरएन' ही चार नावं रोमन लिपीत विंडोजवर देताच येत नाहीत, ती डॉसच्या काळापासून राखीव आहेत. कंट्रोल सॅम्पलच्या फोल्डरला 'कॉन' असं रोमनमध्ये नाव देऊन बघा, विंडोज नकार देईल. अशा फोल्डरची सर्वांत सोपी सोडवणूक म्हणजे तो ज्या सिस्टिमवर जन्मला तिथेच नाव बदलून आणणं.

*३. लहान आणि मोठी लिपी.* रोमन नावांत लिनक्स लहान आणि मोठं अक्षर वेगळं मानतं. विंडोज आणि मॅक सहसा मानत नाहीत. त्यामुळे लिनक्स सर्व्हरवर गुण्यागोविंदानं राहणाऱ्या दोन फायली तुमच्या लॅपटॉपवर आल्यावर एकमेकींवर चढू शकतात. साधा नियम करा: रोमन नावं कायम लहान अक्षरांत.

*४. मराठी नावांची जुळी भावंडं.* हा भाग खास आपला, आणि इंग्रजी गाईडबुकात तो मिळणार नाही. 'दुसऱ्या फेरीचा डेटा' हे नाव घ्या. यातला 'ऱ्या' संगणकावर तीन प्रकारे टाईप होऊ शकतो. एक, 'ऱ' या स्वतंत्र चिन्हानं. दोन, 'र' आणि त्याखाली नुक्ता देऊन. तीन, 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात. पण संगणकाच्या दृष्टीनं ही तीन वेगळी नावं आहेत. विंडोज आणि लिनक्स या एकाच नावाचे तीन फोल्डर शेजारी शेजारी राहू देतात. तुमच्या मोबाईलच्या कीबोर्डवरून केलेला फोल्डर आणि लॅबच्या कीबोर्डवरून केलेला सर्च जुळला नाही, तर "फाईल गायब झाली" असं वाटतं. ती गायब नसते, स्पेलिंग वेगळं असतं.

'ॲ' चंही तेच. 'ॲसिड' मधला 'ॲ' एकाच चिन्हानं लिहिता येतो किंवा 'अ' वर चंद्र देऊन. दिसायला सारखे, आतून वेगळे. युनिकोडमध्ये अशा पर्यायी रूपांना एकसारखं करण्याची नॉर्मलायझेशन नावाची पद्धत आहे. ती 'ऱ' आणि नुक्ता दिलेला 'र' यांना एक मानते. पण अदृश्य जोडचिन्हाचा प्रकार आणि 'ॲ' ची जोडी यांना ती एक करत नाही. मॅकची हल्लीची फाईल सिस्टिम नॉर्मलायझेशननं सारखी ठरणारी नावं एकच मानते, म्हणजे लिनक्सवरचे दोन फोल्डर तिथे एकत्र नांदू शकत नाहीत.

आणखी एक. लिनक्सवर फाईलच्या नावाची मर्यादा २५५ बाइट आहे. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. मात्रा आणि हलन्त ही स्वतंत्र चिन्हं धरली जातात. 'प्रयोग' हा शब्द आपल्याला तीन अक्षरी वाटतो, पण त्यात सहा चिन्हं आहेत, म्हणजे १८ बाइट. एकट्या 'क्ष' ला नऊ. थोडक्यात, देवनागरीत ८५ चिन्हांपलीकडे जाता येत नाही. विंडोजवर मात्र हिशोब वेगळा असल्यानं २५५ चिन्हं बसतात. तुमच्या लॅपटॉपवर चालणारं लांबलचक मराठी नाव युनिव्हर्सिटीच्या लिनक्स सर्व्हरनं नाकारलं, तर कारण हे.

मग मराठीत नावं द्यायचीच नाहीत का? द्या ना, जरूर द्या. मुलाखतींचे ट्रान्सक्रिप्ट, लोकगीतांचं रेकॉर्डिंग, तालुकावार सर्व्हे अशा कामात मराठी नावंच सोयीची असतात. फक्त ती छोटी ठेवा, एकाच कीबोर्डवरून टाईप करा, आणि प्रत्येक नावाच्या सुरुवातीला रोमन लिपीत एक कोड द्या. सर्च कोडवर करायचा, ओळख नावावरून.

*५. क्रम चुकतो.* एक्सप्लोरर 'रन १, रन २, रन १०' असा समजूतदार क्रम लावतो. पण पायथनमधलं साधं सॉर्टिंग अक्षरामागून अक्षर बघतं, म्हणून तिथे 'रन १, रन १०, रन २' असा क्रम येतो. तुम्ही खिडकीत बघून आलेखाला लेबलं दिलीत आणि स्क्रिप्टनं फायली दुसऱ्या क्रमानं वाचल्या, तर दहाव्या रनचा डेटा दुसऱ्या रनच्या नावावर जातो. एररही येत नाही. म्हणून आकडे शून्यानं भरून लिहा: ००१, ००२, ०१०. तारीख लिहायची तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: २०२४-०३-१५. असं लिहिलं की नावाचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो. हे आकडे मात्र इंग्रजीच ठेवा, उपकरणांच्या सॉफ्टवेअरला ते सोयीचे पडतात.

*६. न दिसणाऱ्या आणि आगंतुक फायली.* विंडोज मुळात फाईलचं एक्स्टेन्शन लपवून ठेवतं. त्यामुळे वरून सीएसव्ही दिसणारी फाईल प्रत्यक्षात टेक्स्ट असू शकते. व्ह्यू मेनूत जाऊन एक्स्टेन्शन दाखवायचा पर्याय आजच चालू करा. दुसरीकडे, मॅकवर वापरलेल्या पेनड्राइव्हमध्ये टिंब आणि अंडरस्कोरनं सुरू होणाऱ्या छोट्या फायली तयार होतात. मॅकवर त्या दिसत नाहीत, विंडोजवर दिसू शकतात. फोल्डरमधली प्रत्येक फाईल वाचणाऱ्या स्क्रिप्टला त्या डेटाच वाटतात.

*७. फोल्डर उघडायला वेळ लागतो.* मायक्रोस्कोपनं एकाच फोल्डरमध्ये आठ हजार प्रतिमा टाकल्या असतील, तर फाईल मॅनेजर प्रत्येकीचं छोटं चित्र बनवत बसतो. तिथे 'डिटेल्स' व्ह्यू ठेवा. विंडोजवर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'कस्टमाइझ' टॅबखाली तो कशासाठी आहे हे सांगता येतं, तिथे 'जनरल आयटम्स' निवडून बघा. खिडकी उघडतानाच अडकत असेल, तर बाजूच्या पट्टीत बंद पडलेल्या नेटवर्क ड्राइव्हचा शॉर्टकट पिन केलेला आहे का ते बघा.

*८. काल होती, आज नाही.* पेनड्राइव्हचं अक्षर बदलतं, काल 'ई' होतं, आज 'एफ' झालं. सगळे शॉर्टकट आणि स्क्रिप्टमधले पाथ मोडतात. डिस्क मॅनेजमेंटमधून नेहमीच्या डिस्कला कायमचं अक्षर देता येतं. वनड्राइव्हचा बॅकअप चालू झाला की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हच्या पोटात जातात, जुना पाथ रिकामा दिसतो. आणि ढगाचं चिन्ह असलेली फाईल दिसते खरी, पण ती तुमच्या मशीनवर नसते. फील्डवर्कला जाण्याआधी अशा फायलींवर राईट क्लिक करून 'नेहमी या मशीनवर ठेवा' हा पर्याय निवडा. गावात रेंज नसताना हे आठवून उपयोग नाही.

*९. सर्चमध्ये सापडत नाही.* विंडोजचा सर्च मुळात काही ठरावीक ठिकाणांचीच अनुक्रमणिका ठेवतो. बाहेरच्या डिस्कवर तो हळू चालतो आणि फाईलच्या आतला मजकूर सहसा शोधत नाही. "सर्चमध्ये नाही" म्हणजे "फाईल नाही" असा निष्कर्ष काढू नका. आपण संशोधनात म्हणतोच ना, पुरावा न मिळणं म्हणजे नसल्याचा पुरावा नव्हे.

सर्च इतका चांगला असताना फोल्डर हवेतच कशाला?

हा प्रश्न संशोधकांनाही पडला होता. ऑफर बर्गमन, स्टीव्ह व्हिटेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरीच वर्षं काम केलंय. २००८ च्या त्यांच्या अभ्यासाचा सूर असा, की सर्च सुधारला तरी लोक स्वतःच्या फायलींकडे फोल्डरमधून चालतच जातात. सर्चचा आधार घेतात तो मुख्यतः जागा आठवत नाही तेव्हा. २०१५ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' मध्ये आलेल्या एफएमआरआय अभ्यासात दिसलं की फोल्डरमधून वाट काढताना मेंदूचे जे भाग काम करतात ते प्रत्यक्ष जागेत वाट काढतानाच्या भागांशी जुळतात. सर्च करताना मात्र भाषेशी संबंधित भाग जास्त कामाला लागतात.

याचा तुमच्यासाठी अर्थ सरळ आहे. फोल्डरची रचना वारंवार बदलू नका. घरातला डबा कुठल्या फळीवर आहे हे हाताला माहीत असतं, तसं हे आहे. रोज फळी बदलली तर हात चाचपडणारच.

दोष सॉफ्टवेअरमध्येच असेल तर: बग रिपोर्ट

चाचण्या करून झाल्या, थर चौथा निघाला. मग रिपोर्ट करा. विंडोजसाठी फीडबॅक हब आहे, डॉल्फिनसाठी केडीईचं बगझिला, नॉटिलससाठी ग्नोमचं गिटलॅब. रिपोर्ट बहुतेक वेळा इंग्रजीत द्यावा लागतो, पण मुद्दे आधी मराठीत काढा. असे:

- शीर्षक: 'ऱ्या' असलेला फोल्डर नावानं शोधला तर सापडत नाही.
- आवृत्ती: ऑपरेटिंग सिस्टिम, फाईल मॅनेजर, फाईल सिस्टिम.
- कृती: १. अमुक कीबोर्डवरून 'दुसऱ्या' नावाचा रिकामा फोल्डर केला. २. दुसऱ्या कीबोर्डवरून तोच शब्द सर्चमध्ये टाकला.
- अपेक्षित: फोल्डर दिसायला हवा.
- प्रत्यक्षात: काहीच सापडलं नाही.
- किती वेळा: पाचपैकी पाच वेळा.

बघितलंत? ही मेथडॉलॉजीच आहे. दुसऱ्या माणसाला तुमच्याशी न बोलता तोच परिणाम मिळाला पाहिजे. "सर्च चालत नाही, लवकर ठीक करा" हा रिपोर्ट नाही, ती तक्रार झाली. एका रिपोर्टमध्ये एकच अडचण लिहा. आधी कुणी तेच लिहिलंय का ते शोधा. आणि स्क्रीनशॉट देताना पेशंटची नावं, मुलाखत दिलेल्यांची नावं, अप्रकाशित नमुन्यांचे कोड दिसत नाहीत ना ते तपासा. एथिक्स कमिटीला दिलेला शब्द फोल्डरच्या नावालाही लागू असतो.

नवीन सुविधा सुचवायची कशी?

लोकांच्या मागणीनं खरंच काही होतं का? होतं. विंडोज व्हिस्टात 'वर' जायचं बटण काढलं गेलं, कारण वरच्या पट्टीतल्या फोल्डरच्या नावावर क्लिक केलं की तेच होत होतं. पण त्या नावाची जागा दर फोल्डरला बदलते, आणि बटण कायम एकाच जागी असतं. लोक मागत राहिले. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज ८ ची माहिती देताना ते बटण परत येतंय असं जाहीर केलं.

नॉटिलसच्या ३.६ आवृत्तीत, २०१२ साली, अक्षर टाईप केल्यावर त्याच फोल्डरमधल्या नावावर उडी मारायची सोय गेली, त्याऐवजी सर्च सुरू होऊ लागला. दोन फोल्डर शेजारी दाखवणारी विभागलेली खिडकीही गेली. लिनक्स मिंटच्या मंडळींनी जुन्या आवृत्तीवरून नेमो हा वेगळा फाईल मॅनेजरच उभा केला.

पण धीरही ठेवावा लागतो. ग्नोममध्ये फाईल निवडायच्या खिडकीत छोटी चित्रं दिसावीत ही मागणी २००४ ची. ती ग्रिड व्ह्यूच्या रूपानं आली मार्च २०२३ मध्ये, ग्नोम ४४ बरोबर. पीएच.डी.ची पाच वर्षं मग फार वाटत नाहीत!

सुचवताना सर्वांत मोठी गल्लत ही होते, की आपण अडचण न सांगता उपाय सांगतो. "इथे लाल बटण द्या" असं लिहितो. त्याऐवजी चार गोष्टी लिहा: कुणाला अडतं, कशात अडतं, सध्या काय जुगाड करावा लागतो, आणि कमीत कमी कोणता बदल पुरेल. रिसर्च गॅप लिहिताना हेच करायचं असतं. मला हव्या असलेल्या चार सुविधा याच पद्धतीनं मांडतो:

१. नाव बदलताना पाथची लांबी दिसावी. डेटा हलवणाऱ्यांना मर्यादा शेवटी कळते, सध्या हातानं मोजावं लागतं. नावाच्या चौकटीजवळ छोटा आकडा पुरेल.

२. दिसायला सारखं पण आतून वेगळं नाव दिलं तर सूचना मिळावी. देवनागरी आणि इतर भारतीय लिप्यांत काम करणाऱ्यांना अडतं. "याच रूपाचं नाव आधीच आहे" एवढी एक ओळ पुरेल.

३. खिडकी अडकली तर कशासाठी थांबली आहे ते लिहावं. 'अमुक नेटवर्क ड्राइव्हची वाट बघतोय' आणि शेजारी 'सोडून दे' हे बटण.

४. फोल्डरमध्ये 'रीड मी' फाईल असेल तर तिच्या पहिल्या दोन ओळी वरच दिसाव्यात. तुमच्यानंतर तो डेटा हाताळणाऱ्या ज्युनिअरला फोल्डर उघडताक्षणी कळेल की हा डेटा कॅलिब्रेशनच्या आधीचा आहे की नंतरचा.

यातलं काही एखाद्या फाईल मॅनेजरमध्ये प्लगइनच्या रूपात मिळूही शकतं, म्हणून मागण्याआधी शोधा. हा नियम लिटरेचर रिव्ह्यूचाच.

आता एवढं करा

पीएच.डी. सुरू व्हायच्या आत अर्धा तास काढा. एक मुख्य फोल्डर करा, नाव छोटं ठेवा, ड्राइव्हच्या वरच्या पातळीवर ठेवा. त्यात पाचच फोल्डर: ०१ मूळ डेटा, ०२ ॲनॅलिसिस, ०३ लेखन, ०४ वाचन, ०५ प्रशासकीय. शेवटच्यात प्रगती अहवाल, फीच्या पावत्या, फेलोशिपचे कागद. मूळ डेटाच्या फोल्डरमधल्या फायली 'रीड ओन्ली' करून ठेवा आणि काम कायम कॉपीवर करा. एक्स्टेन्शन दिसू द्या. 'रीड मी' फाईलमध्ये नावं देण्याचा तुमचा नियम चार ओळींत लिहा.

मग एक परीक्षा घ्या. तो फोल्डर मैत्रिणीच्या किंवा मित्राच्या मशीनवर कॉपी करा आणि त्यांना एखादी फाईल शोधायला सांगा. तुम्ही शेजारी बसा, पण बोलू नका. ती व्यक्ती जिथे अडखळेल तिथे तुमची रचना कच्ची आहे. व्हायव्हाला बाहेरचे रेफरी "हा आलेख कुठल्या डेटावरून काढला?" असं विचारतील, तेव्हा तुम्हालाही तीच वाट चालायची आहे.